एका माणसाच्या दोन फायली

(द्वितीय वर्ष कला, मानसशास्त्र)

आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात दोन फायली असतात. एक हिरवी, एक निळी. हिरवी फाईल माझ्या मामाच्या मनाच्या आजाराची. ती पंधरा वर्षांची जुनी आहे. निळी त्याच्या हृदयाची, ती अलीकडची. माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही. ती रंगावरून फाईल ओळखते आणि मामाला ज्या दवाखान्यात न्यायचे असेल त्याप्रमाणे हिरवी किंवा निळी काढून पिशवीत घालते. दोन्ही फायलींवर नाव एकाच माणसाचे आहे. परंतु एका फाईलीत काय लिहिले आहे हे दुसऱ्या फाईलीला ठाऊक नव्हते, आणि आम्हा घरच्यांना तर दोन्हींतले काहीच ठाऊक नव्हते.

यंदा आम्हाला अपसामान्य मानसशास्त्र हा विषय आहे. वर्गात 'द्विध्रुवी विकार' हे प्रकरण सुरू झाले तेव्हा मला पुस्तकात मामा दिसू लागला. घरी जाऊन मी प्रथमच दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. त्या वाचनातून आणि नंतर केलेल्या अभ्यासातून जे समजले ते वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी डॉक्टर नाही. पण जे मला उशिरा कळले ते दुसऱ्या एखाद्या घरात वेळेवर कळावे, असे मनापासून वाटते.

दोन टोकांचा आजार

ज्याला पूर्वीच्या पुस्तकांत 'उन्माद-अवसाद विकृती' म्हटले जाई, त्यालाच आज द्विध्रुवी विकार किंवा बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ साली उन्माद आणि अवसाद हे दोन वेगळे आजार नसून एकाच आजाराची दोन रूपे आहेत, असे आपल्या ग्रंथात मांडले. पुढे १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या वर्गीकरणात 'बायपोलर' हे नाव स्वीकारले आणि तेच सर्वत्र रूढ झाले.

या आजारात मन दोन टोकांना जाते. उन्मादाच्या काळात माणसाला झोप नकोशी होते, बोलणे थांबत नाही, विचार एकामागून एक धावतात, खर्चाला धरबंध राहत नाही आणि आपल्याला काहीही अशक्य नाही असे वाटू लागते. अवसादाच्या काळात तोच माणूस अंथरुणातून उठत नाही, जेवण नको म्हणतो, स्वतःला निरुपयोगी समजतो आणि कधी कधी जिवावर उठतो. मधल्या काळात तो तुमच्या-आमच्यासारखाच असतो, काम करतो, हसतो, पोरांना खाऊ आणतो. म्हणूनच पुष्कळदा घरच्यांना तो आजार न वाटता स्वभाव वाटतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ४ कोटी लोकांना हा विकार होता. आपल्या देशात बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तीत असे दिसले की द्विध्रुवी विकार असलेल्या दर १० जणांपैकी सुमारे ७ जणांना उपचार मिळत नव्हते. हा आजार बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो. म्हणजे ज्या वयात मुले आय.टी.आय. करून कारखान्यात लागतात किंवा माझ्यासारखी कॉलेजात येतात, नेमक्या त्या वयात.

मामाची हकीकत

मामा लातूर जिल्ह्यातून चाकणला आला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. गावाकडे दोन एकर कोरडवाहू जमीन, त्यावर खाणारी तोंडे सात. पुणे-नाशिक रस्त्याला तेव्हा नवनवे कारखाने उभे राहत होते. एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटदाराकडे तो लागला. सुरुवातीला खोलीवर सहा जण राहत; ज्याची रात्रपाळी त्याने दिवसा झोपायचे, असा हिशेब.

२०१० सालच्या उन्हाळ्यात त्याने सलग चार रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. हप्त्यावर मोटारसायकल घेतली, भोसरीत स्वतःचे वर्कशॉप टाकायचे म्हणून उसने पैसे उचलले, चाळीतल्या प्रत्येकाला नोकरी देण्याचे कबूल केले. आई समजावायला गेली तर म्हणाला, "ताई, झोप कशाला लागती? झोपणारे मागं राहतात." महिन्याभराने तोच मामा भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. आधी गावी नेऊन देवऋष्याकडे दाखवले. तिथे एक बोकड आणि पाच हजार रुपये गेले. शेवटी चाळीतल्याच एका शहाण्या बाईने डॉक्टरांकडे न्यायला लावले आणि हिरवी फाईल सुरू झाली.

औषधांनी मामा सावरला, हे प्रथम सांगितले पाहिजे. तो पुन्हा कामावर गेला, लग्न झाले, मुलगा झाला. मधून मधून लाट येई, पण पहिल्यासारखी नाही. फक्त त्याचे अंग सुटत चालले. ५८ किलोचा मामा तीन वर्षांत ७९ किलोंचा झाला. आम्ही म्हणायचो, "मामा आता सुखी दिसतो." जाडी म्हणजे सुख, असे आमच्याकडे अजूनही समजतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये एका पहाटे दुसरी पाळी करून आलेला मामा छाती धरून बसला. घाम फुटला होता, डावा हात जड झाला होता. आईने कपाटातून फाईल घेतली. तेव्हा घरात हिरवी एकच होती. जवळच्या एका दवाखान्यात नेले. तिथे फाईल चाळली गेली आणि उत्तर मिळाले, "यांना मानसिक त्रास आहे. टेन्शन घेतलं असेल. गॅसही झालाय." एक इंजेक्शन देऊन घरी पाठवले. दिवसभर मामा कण्हत पडला. मलाही वाटले, अवसादाची लाट येते आहे. संध्याकाळी त्याला उलटी झाली तेव्हा वडिलांनी रिक्षा करून दुसरीकडे नेले. तिथे छातीची पट्टी काढली आणि डॉक्टर म्हणाले, "अ‍ॅटॅक येऊन दहा-बारा तास झालेत. सकाळी का नाही आणलं?"

सकाळी आणले होते. हे आम्ही त्यांना सांगू शकलो नाही. कोणाला सांगावे हेच कळत नव्हते. अँजिओप्लास्टी झाली. मामा वाचला. पण हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला. तो तेव्हा अवघा चाळीस वर्षांचा होता.

मनाचा आणि हृदयाचा संबंध

या आजारात धोका आत्महत्येचा असतो, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. तो धोका खराच आहे आणि त्याला कमी लेखून चालणार नाही. पण आकडे पाहिले तर निराळेच चित्र दिसते. स्वीडनमध्ये द्विध्रुवी विकार असलेल्या १७ हजारांहून अधिक लोकांच्या १९८७ ते २००६ या काळातील नोंदी तपासण्यात आल्या. त्यांच्यातील एकूण मृत्यूंपैकी ३८ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी झाले होते. आत्महत्या, अपघात वगैरे बाह्य कारणे मिळून १८ टक्के होती. हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण इतर लोकांच्या दुप्पट होते आणि तो मृत्यू इतरांपेक्षा सुमारे १० वर्षे आधी येत होता.

त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली. मृत्यू दुप्पट होते, पण हृदयविकारासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण त्या मानाने वाढलेले नव्हते. याचा अर्थ असा की ही माणसे हृदयविकाराने मरत होती, परंतु हृदयाच्या उपचारापर्यंत पोचत नव्हती. हे वाक्य वाचले तेव्हा मला आमची ती ऑगस्टमधली सकाळ आठवली. स्वीडनसारख्या संपन्न देशात हे घडत असेल, तर भोसरीच्या चाळीतले काय सांगावे?

हा संबंध का निर्माण होतो? अभ्यासकांनी त्याची अनेक कारणे दिली आहेत. समजण्यास सोपे जावे म्हणून मी ती चार धाग्यांत मांडते.

पहिला धागा शरीराच्या आतला. उन्माद असो वा अवसाद, शरीर सतत ताणाखाली असते. ताणाच्या वेळी स्रवणारी कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनॅलिन यांसारखी द्रव्ये दीर्घकाळ वाढलेली राहिली की रक्तदाब व साखर वाढते. शिवाय या आजारात शरीरात सौम्य पण सततचा दाह असतो असे दिसून आले आहे, आणि रक्तवाहिन्या आतून खराब होण्यास असा दाह हातभार लावतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१५ साली एक निवेदन काढून तीव्र नैराश्य आणि द्विध्रुवी विकार असलेल्या किशोरवयीन मुलांना लवकर हृदयविकार होण्याचा मध्यम धोका असतो, असे जाहीर केले. म्हणजे हा प्रश्न चाळिशीत सुरू होत नाही. आमच्या वयातच त्याची मुळे धरतात.

दुसरा धागा राहणीचा. अवसादात माणूस हालचाल करीत नाही; उन्मादात खाण्यापिण्याचा, दारूचा, तंबाखूचा ताळतंत्र राहत नाही. मामाच्या खिशात तंबाखूची पुडी कायम असे. रात्री जागे राहण्यासाठी तंबाखू, चहा आणि वडापाव हेच त्याचे जेवण.

तिसरा धागा औषधांचा, आणि चौथा दुर्लक्षाचा. या दोन्हींविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

याला आपल्या देशाची एक भर पडते. ५२ देशांत मिळून झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या पाहणीत असे दिसले की भारत व शेजारच्या देशांतील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो. मुळात आपण आधीच सहा वर्षे पुढे. त्यात हा आजार.

पाळी आणि झोप

आपल्या पट्ट्याचा विचार करताना पाळीचा विचार टाळता येणार नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाला, साठच्या दशकात एम.आय.डी.सी. आली, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि पुढे चाकणपर्यंत कारखाने पसरले. या सगळ्या काळात आमच्यासारख्या हजारो कुटुंबांच्या घरचे घड्याळ भोंग्यावर आणि कंपनीच्या बसवर चालत आले. या आठवड्यात पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात दुसरी, त्यानंतर तिसरी. घरातल्या पोरांनासुद्धा पाठ असते की या आठवड्यात दिवसा आवाज करायचा नाही.

मेंदूत एक घड्याळ असते. उजेड-अंधारावर ते झोप, भूक, शरीराचे तापमान, रक्तदाब यांची वेळ ठरवते. द्विध्रुवी विकारात हे घड्याळ आधीच हळवे असते. एखाद-दोन रात्रींचे जागरणसुद्धा उन्मादाची लाट आणू शकते. मामाच्या हिरव्या फाईलीत चार वेळा लाट आल्याची नोंद आहे. त्यांपैकी तीन वेळा आधीच्या पंधरवड्यात रात्रपाळी होती, हे मी त्याच्या जुन्या हजेरीच्या चिठ्ठ्या लावून पाहिले. एका माणसावरून नियम काढता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण अमेरिकेतील एलेन फ्रँक यांनी झोपणे, उठणे, जेवणे यांच्या वेळा नियमित ठेवण्यावरच आधारलेली एक उपचारपद्धती या आजारासाठी विकसित केली, ती याच कारणासाठी.

दुसरीकडे, दीर्घकाळ पाळीने काम करणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण इतर कामगारांपेक्षा अधिक असते, हेही अनेक देशांतील पाहण्यांत दिसले आहे. म्हणजे रात्रपाळी एकाच वेळी मनाचे आणि हृदयाचे दार ठोठावते. ज्याला हा आजार आहे त्याला कायम दिवसपाळी मिळाली तर ती मेहेरबानी समजू नये. उंचावर काम करताना कमरेला पट्टा लागतो, तसाच हा बंदोबस्त आहे.

औषधांचा प्रश्न

आता औषधांविषयी. हा भाग लिहिताना मी फार विचार केला, कारण अर्धवट माहितीमुळे कोणी औषध सोडले तर त्या पापाचे धनी व्हावे लागेल.

लिथियम हे या आजारावरचे सर्वांत जुने आणि अजूनही अत्यंत भरवशाचे औषध. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ साली त्याचा उपयोग जगापुढे आणला. ते मनाच्या लाटा आवरते आणि आत्महत्येचे प्रमाण कमी करते. पण त्याची योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे आहे. म्हणून रक्तातले प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉईड यांची वेळोवेळी तपासणी करावी लागते. घाम जाऊन शरीरातले पाणी व मीठ कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते. भट्टीपाशी, फोर्जिंगमध्ये किंवा पत्र्याच्या शेडखाली काम करणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट अशी की रक्तदाबावरची काही औषधे, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, तसेच आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या अंगदुखीच्या गोळ्या रक्तातले लिथियम वाढवतात. दोन फायली एकमेकींना न भेटण्याचा धोका येथे स्पष्ट दिसतो. हृदयाचा डॉक्टर रक्तदाबाची गोळी लिहितो, मनाचा डॉक्टर लिथियम लिहितो, आणि मेडिकलवाला अंगदुखीची पट्टी देतो. तिघेही आपापल्या जागी बरोबर. पण तिन्ही गोळ्या जातात एकाच पोटात. हात जोरात थरथरणे, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणे, जीभ जड होणे ही लक्षणे दिसली तर ताबडतोब डॉक्टर गाठावा.

उन्माद आवरणाऱ्या काही नव्या औषधांनी, उदाहरणार्थ ओलान्झापिनने, भूक व वजन वाढते. साखर आणि रक्तातली चरबी वाढू शकते. मामाचे वजन वाढले ते याच कारणाने, असे मला आता वाटते. मग औषध बंद करावे का? मुळीच नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे ज्यूल्स आंग्स्ट या मनोविकारतज्ज्ञांनी १९५९ ते १९६३ या काळात रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांचा पुढे कित्येक दशके मागोवा घेतला. दीर्घकाळ उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण उपचार न घेणाऱ्यांपेक्षा कमी निघाले. तेव्हा औषध तारक आहे. फक्त त्याच्याबरोबर वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र आणि साखरेची तपासणी हवी. वजन फार वाढत असेल तर डॉक्टरांना सांगून औषध बदलता येते. तो निर्णय त्यांचा. सांगण्याचे काम आपले.

फाईलीतले एक पान

आता हिरव्या फाईलीतल्या एका पानाविषयी. फेब्रुवारी २०२१ ची तारीख आहे. वजन ८४ किलो. रक्तदाब १५० वर १००. आणि खाली इंग्रजीत दोन ओळी: फिजिशियनला दाखवावे, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून आणावे.

ज्या डॉक्टरांनी हे लिहिले त्यांनी आपले कर्तव्य केले होते. गर्दीत तोंडी सांगितलेही असेल. मामाच्या ते ध्यानात राहिले नाही. आईला वाचता येत नाही. मामी चौथी शिकलेली. वडील मराठी वाचतात, इंग्रजी नाही. फाईल साडेतीन वर्षे कपाटात राहिली. मी त्या वेळी नववीत होते. मला ते वाचता आले असते. घरात कोणी 'वाच' म्हटले नाही आणि मलाही कधी फाईल उघडून पाहावी असे वाटले नाही, कारण ती 'तसल्या' आजाराची फाईल होती आणि तिला हात लावायचा नाही असा अलिखित नियम होता.

लाज अशी असते. ती माणसाला दवाखान्यात जाऊ देत नाहीच, पण गेल्यावर आणलेला कागदही वाचू देत नाही.

छातीत दुखते म्हटल्यावर

मानसिक आजार असलेल्या माणसाने शरीराची तक्रार केली की ती 'मनाची' समजली जाते. एका आजाराच्या सावलीत दुसरा झाकला जातो. हे अडाणी घरातच घडते असे नाही. शिकल्यासवरल्या ठिकाणीही घडते, आणि जगभर घडते. मामाच्या बाबतीत पहिल्या दवाखान्यात छातीची पट्टी काढली गेली नाही. पट्टी काढायला पाच-दहा मिनिटे लागतात. हृदयाची बंद पडलेली वाहिनी जितक्या लवकर उघडावी तितके स्नायू वाचतात. पण दोष एकट्या दवाखान्याचा नव्हता. दिवसभर आम्हीसुद्धा मामाच्या उशाशी बसून "मन घट्ट कर" असेच सांगत होतो.

मनाचा रुग्ण खोटे बोलत नाही. त्याने छातीत दुखते म्हटले तर ते छातीतच दुखत आहे असे धरून चालावे आणि पट्टी काढूनच मग मनाचा विचार करावा.

कायदा काय सांगतो

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या २१ व्या कलमात असे म्हटले आहे की आरोग्यसेवा देताना मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला शारीरिक आजार असलेल्या व्यक्तीच्या बरोबरीने वागवले पाहिजे. तातडीची सेवा आणि रुग्णवाहिका यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. वैद्यकीय विम्यातही असा भेद करता येत नाही.

दुसरी गोष्ट कामगारांच्या दृष्टीने महत्त्वाची. राज्य कामगार विमा, म्हणजे आपण ज्याला ई.एस.आय. म्हणतो, त्यात काही दीर्घकालीन आजारांसाठी वाढीव आजारपणाचा लाभ मिळतो. नेहमीच्या आजारपणात ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. या यादीतल्या आजारांत ठरलेल्या अटी पुऱ्या होत असतील तर ८० टक्के, तीही दोन वर्षांपर्यंत. ही ३४ आजारांची यादी मी वाचली. तिच्यात हृदयाचे काही गंभीर आजार आहेत, आणि त्याच यादीत उन्माद-अवसाद विकृतीसुद्धा आहे.

मामाने चौदा वर्षांत एकदाही या आजाराचे नाव कंपनीत सांगितले नव्हते. दर वेळी 'पाठदुखी' म्हणून बिनपगारी रजा घेतली. हक्काचा पैसा त्याने लाजेपोटी सोडला. सरकारी यादीत दोन्ही आजार शेजारी बसले आहेत. आपल्या मनात मात्र एकाला सहानुभूती आणि दुसऱ्याला कुजबुज.

काय करावे

लेख केवळ माहितीपर राहू नये म्हणून काही गोष्टी थोडक्यात देते.

१) ज्यांच्या घरी या आजारावर उपचार चालू आहेत त्यांनी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि रक्तातील चरबी यांची नोंद ठेवावी. वजन निदान दर महिन्याला. बाकीच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा, पण वर्षातून एकदा तरी. आपल्याकडील पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रियांची ८० सेंटिमीटर ओलांडत असेल तर ती सूचना समजावी.

२) सर्व गोळ्यांची एकच यादी करावी आणि प्रत्येक डॉक्टरला व मेडिकलवाल्याला ती दाखवावी. अंगदुखीची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

३) झोपेची वेळ सांभाळावी. लागोपाठ दोन रात्री झोप लागली नाही तर तिसरीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

४) तंबाखू व विडी-सिगारेट सोडण्यासाठी मदत घ्यावी. 'त्याला तेवढाच आधार आहे' म्हणून घरच्यांनी पुडी आणून देऊ नये.

५) छातीत दुखणे, घाम, धाप, हात किंवा जबडा जड होणे यांपैकी काही झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि छातीची पट्टी काढण्याचा आग्रह धरावा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेली-मानसचा विनामूल्य दूरध्वनी ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. तिथे मराठीत बोलता येते.

समारोप

आज मामा बरा आहे. कंत्राटदाराने त्याला परत घेतले नाही. तो आता ओळखीच्या एकाच्या दुकानात सकाळी नऊ ते सहा बसतो. पगार कमी, पण रात्र स्वतःची. रोज पहाटे तो आणि मामी मैदानाला पाच फेऱ्या मारतात. वजन ८४ वरून ७६ वर आले आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडईतल्या ओळखीच्या भाजीवाल्याच्या मोठ्या काट्यावर तो उभा राहतो, भाजीवाला थट्टा करतो, आणि मी आकडा लिहून घेते.

मी दोनशे पानी वही आणली आहे. पहिल्या पानावर हिरव्या फाईलीतल्या आणि निळ्या फाईलीतल्या सगळ्या गोळ्या एकाखाली एक मराठीत लिहिल्या आहेत. मागच्या महिन्यात मनाच्या डॉक्टरांनी ती वही वाचली, निळ्या फाईलीतल्या एका गोळीवर बोट ठेवले आणि लिथियमची तपासणी आठ दिवसांत करून आणायला सांगितले. तपासणी ठीक निघाली. पण दोन फायलींची ती पहिली भेट होती.

या अंकाच्या वाचकांपैकी पुष्कळजण माझ्यासारखेच असतील. घरात कॉलेजची पायरी चढणारे पहिलेच. आपल्या शिक्षणाचा घराला काय उपयोग, असे नातेवाईक विचारतात आणि आपल्याला उत्तर सुचत नाही. माझे उत्तर असे आहे. आज घरी गेल्यावर कपाटातली फाईल काढा, मग ती कोणत्याही रंगाची आणि कोणत्याही आजाराची असो. शेवटच्या पानापर्यंत वाचा, आणि ज्याची फाईल आहे त्याला शेजारी बसवून, त्याला समजेल अशा भाषेत, मोठ्याने वाचून दाखवा.